शंभराला दोन

डबा हातात उचलला आणि त्याच्या पोटाखालची चाकांची जोडी गळून पडली. फरशीवर टण् वाजलं, जोडी गरगरत लोखंडी कपाटाखाली गेली आणि तिथं अंधारात गप्प बसली. झालं ते एवढंच. छप्पर कोसळलं नाही, कुणाचं बोट तुटलं नाही. पण छप्पर कोसळलं असतं तरी बाळासो सुतार एवढा हादरला नसता. वीतभर लांबीचा तो मालडबा दोन्ही हातांत धरून तो उभाच राहिला. खाली वाकावं, कपाटाखाली हात घालावा, चाकं काढून पुन्हा बसवावीत, हे कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. त्यालाही सुचलं. पण तो वाकला नाही. कारण चाकं सैल बसली आहेत याचा अर्थ काय होतो, हे त्याला चाकं फरशीवर पोचायच्या आत कळलं होतं. त्याच्या हातून माप चुकलं होतं.

"काय पडलं वो?" आतून शालूबाईनं विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. बायकोशी तो सहसा खोटं बोलत नसे, आणि बोलला तरी ते पचत नसे. पण आज पचलं. पावट्याच्या शेंगा सोलल्याचा कटकट आवाज पुन्हा सुरू झाला.

डबा धवलचा होता. धवल म्हणजे राजारामपुरीतला दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना आणि वरच्या मजल्यावर त्याची रेल्वे. चाळीशीचा गृहस्थ, बायकापोरांचा धनी, पण दुपारी दवाखाना मिटला की जिना चढून वर जायचा आणि आगगाडी चालवत बसायचा. नुसते रूळ नव्हेत, स्टेशन, सिग्नल, गुळाच्या ढेपा लादलेला माल धक्का, सगळं खऱ्याच्या त्रेचाळिसाव्या हिश्शात. त्याला खेळणं म्हटलेलं मात्र खपत नसे. इंजिनं त्यानं बाहेरून मागवली होती, पण कोल्हापूरच्या गुळाच्या जमान्यातला चार चाकांचा बंद मालडबा जगात कुठंच विकत मिळेना. तेव्हा कुणीतरी त्याला उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतलं हे घर दाखवलं. "काका, तुम्ही पॅटर्नमेकर होता ना? लोक सांगतात, तुमच्या हातात केसाचाही फरक पडत नाही." बाळासोनं तेव्हा मान खाली घालून मिशीत हसून घेतलं होतं. बेचाळीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न केले, त्यांवरून साचे पडले, साच्यांत लोखंड ओतलं, आणि ते लोखंड कुठल्या कुठल्या पंपात, ट्रॅक्टरात जाऊन बसलं. नाव कुणाचं लागलं नाही. आता म्हातारपणी कुणीतरी हाताचं नाव काढत होतं. दिवाळी झाल्या झाल्या त्यानं काम हाती घेतलं. सागवानाच्या पातळ फळ्या, प्रत्येक फळीवर खिळ्यांची टोकं, सरकता दरवाजा, दरवाज्याला कडी, कडीत अडकवायचं टिकलीएवढं शिशाचं सील. एका केसाच्या ब्रशनं नंबर घातला. रंग विटका केला, कोपऱ्यांना गंज दाखवला. पाच आठवडे गेले. आज सकाळी धवलनं बाहेरून मागवून दिलेली तयार चाकं बसवली की काम फत्ते, आणि संध्याकाळी पाचला धवल येऊन डबा घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

त्यानं डबा टेबलावर ठेवला. खण उघडून बारीक मापाचं व्हर्निअर काढलं. वर्षभर हात न लावल्यामुळं ते जरा जड सरकत होतं. डब्याच्या खाली दोन्ही बाजूंना आसाची टोकं बसायची भोकं, त्यांच्यामधलं अंतर ड्रॉइंगमध्ये पन्नास मिलिमीटर. व्हर्निअर एक्कावन्न म्हणालं. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावलं. एक्कावन्न. एक अख्खा मिलिमीटर! नवख्या उमेदवाराच्या हातून पहिल्या महिन्यात एवढी चूक झाली असती तर बाळासोनं त्याला भुसा झाडायला बसवलं असतं. मग त्यानं दरवाजा मोजला. चाळीस हवा, चाळीस पूर्णांक आठ. उंची मोजली, तीही जास्त. आणखी मोजायला त्याचा हात धजेना. त्यानं टेबलावरची नेहमीची स्टीलची पट्टी उचलून त्याच भोकांना लावली, तर पट्टी म्हणाली, पन्नास. बरोबर पन्नास. म्हणजे आपण वाचतोय ते एक आणि आहे ते दुसरंच. डोळ्यांसमोर आकडा दिसतोय आणि तो खोटा आहे. बाळासोच्या कपाळावर डिसेंबरच्या सकाळी घाम आला. कुठल्याही पॅटर्नमेकरला इथं जी गोष्ट चटकन सुचली असती ती त्याला सुचली नाही. भ्यालेल्या माणसाला हिशेब सुचत नाही. त्याला फक्त केरबा दिसला.

केरबा त्याचा थोरला भाऊ. बारा वर्षांनी थोरला, म्हणजे निम्मा बापच. पॅटर्न शॉपमध्ये चिकटवला तो केरबानं, पटाशी धरायला शिकवली ती केरबानं. त्याच्याही आधी, बाळासो सातवीत असताना, केरबा त्याला रविवारी स्टेशनच्या मागं माल धक्क्यावर न्यायचा. कोल्हापुरात रेल्वे संपते, पुढं रूळच नाहीत. त्यामुळं डबे तिथं निवांत उभे असायचे, गुळाच्या वासानं माशा घोंगावत असायच्या. "बाळ्या, डब्याचा दरवाजा किती?" केरबा विचारायचा. "डोळ्यानं मोज. हात लावायचा न्हाय." बाळासो अंदाज सांगायचा, मग केरबा खिशातून पट्टी काढून मोजायचा आणि चूक असली तर टपली मारायचा. त्या टपलीत माया होती, आणि भीतीही होती, कारण केरबा कधीच चुकत नसे. तो पहिल्यांदा चुकला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. पोलादी पुलीचा पॅटर्न होता. आता, ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शंभराला दोन या हिशेबानं; म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी कोण गणित करत बसणार? त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच जरासा फुगलेला. श्रिंकेजची पट्टी म्हणतात तिला. पोर सहा महिन्यांत शिकतं. आणि केरबानं, त्या कामाच्या उस्तादानं, तो पॅटर्न साध्या पट्टीनं केला. साठ पुल्या लहान निघाल्या. फाउंड्रीच्या भिंतीकडेला त्यांचा ढीग पडला, पावसात गंजला, आणि जाता-येता प्रत्येक जण त्या ढिगाकडं बघून मग केरबाकडं बघायचा. सगळे हसले. केरबाही हसला. बाळासो हसला नाही.

आपण आता अडुसष्टचे. म्हणजे दहा वर्षं उशिरा आलं, इतकंच का? तो खुर्चीवर बसला आणि गेले काही महिने मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवलेलं एकेक पुढं यायला लागलं. गणपतीत बिनखांबी गणेश मंदिरापाशी स्कूटर लावून तो घरी चालत आला होता, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर चोरीला गेली म्हणून त्यानं गल्ली डोक्यावर घेतली होती. त्यावर सगळे हसले होते. हसले! मुलीच्या सासूचं नाव, अंतराच्या सासूचं, अर्धा तास आठवेना. चहात साखर दोनदा. तसं बघायला गेलं तर या वयात कुणाचं होत नाही? समोरच्या विजयसिंहाचं तर रोज होतं आणि तो दिवसभर पान खात मजेत बसतो. पण विजयसिंहाचा थोरला भाऊ केरबा नव्हता. रक्त एकच. एकाच झाडाच्या फळ्या, एक वाकली की दुसरी किती दिवस सरळ राहणार, हे लाकडात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही. त्याला एकदम आपल्या डोक्यात हात घालून चाचपावं असं वाटलं, कुठं पोकळ लागतं का ते.

फोन वाजला. धवल होता.

"काका, पाचला येऊ ना? सकाळपासून पेशंटच्या तोंडात बघतोय पण डोळ्यांसमोर डबाच दिसतोय."

"या की," बाळासो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"चाकं बसली का?"

"बसली," तो म्हणाला. "म्हंजे... बसत्यात. या तुम्ही."

फोन ठेवला तरी हात कानाशीच होता. खोटं बोलणं किती सोपं असतं. केरबाशी तो दोन वर्षं खोटं बोलला होता, आणि त्याबद्दल त्याला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. उलट आपण भावासाठी काहीतरी करतोय म्हणून छाती भरून यायची. पुल्यांच्या प्रकारानंतर केरबाचं काम हळूहळू भुसभुशीत होत गेलं. तो चहाला गेला की बाळासो त्याच्या टेबलावर जायचा, चुकलेलं माप सारखं करायचा, कुठं कातड्याचा तुकडा चिकटवायचा, कुठं रंधा मारायचा. केरबा परत यायचा, कामाकडं बघायचा, त्याच्या भुवया जवळ यायच्या. "हे असं न्हवतं. कुणी हात लावला?" आणि बाळासो मान न वळवता म्हणायचा, "मीच केलंतं दादा. मलाच आठवंना झालंय." म्हणजे विसरणारा तू नाहीस, मी आहे. मलाच आठवंना झालंय. हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं की घरी येऊन शालूबाईलाही त्यानं ते अभिमानानं सांगितलं होतं, बघ, असं सांभाळून घेतो मी त्याला. केरबा त्याच्याकडं जरा वेळ बघत राहायचा. मग म्हणायचा, "आसंल." एवढंच. आणि पुन्हा पटाशी उचलायचा. बाळासोला वाटायचं, चला, पटलं त्याला.

मग केरबा घरी बसला. मग तो घर मोजायला लागला. त्याच्या हातात त्याची जुनी श्रिंकेजची पट्टी असायची, कडा झिजलेली, मागच्या बाजूला त्यानं पटाशीनं घातलेली आडवी खूण. दार मोजायचा, खाट मोजायचा, ताटातली भाकरी मोजायचा. बयाबाई, त्याची बायको, रडत रडत म्हणायची, जेवा की वो, पण तो भाकरीला पट्टी लावून आकडा शोधत असायचा. शेवटी तो स्वतःचं मनगट मोजायला लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पट्टी लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "किती भरलं?" कारण त्याला आता आकडे वाचता येत नव्हते. पट्टीच्या धारेनं मनगट सोलवटून निघालं तेव्हा बयाबाईनं बाळासोला बोलावलं. "भावजी, तुमचंच ऐकत्यात." बाळासो समोर बसला, म्हणाला, "दादा, द्या ती हिकडं. मी ठेवतो जागच्या जागी." केरबानं दिली नाही. त्याचा चेहरा शांत होता, पण बोटं पट्टीभोवती अशी आवळलेली होती की बाळासोला एकेक बोट उचकटून सोडवावं लागलं. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली. अकरा वर्षं झाली त्याला. केरबा गेला त्यालाही नऊ झाली. ती पट्टी बाळासोनं जुन्या मलमलीच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवली होती आणि पुन्हा कधी काढली नव्हती. त्या करंगळीची आठवण आली की त्याला अजून पाणी प्यावं लागायचं.

त्यानं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं की टेबलावरची पट्टी आपल्या डाव्या हातात आहे आणि ती उजव्या मनगटावर आडवी लागलेली आहे. कधी लावली? तो इतका दचकला की पट्टी हातातून सुटली. पडली ती उताणी, म्हणजे मागची बाजू वर. झिजलेल्या पोलादावर पटाशीची एक आडवी खूण होती.

क्षणभर त्याला काही कळलं नाही. मग कळलं, ही खूण केरबाची. त्यानं झडप घालून पट्टी उचलली, व्हर्निअर तिच्याच अंगावर लावलं, शून्यापासून दहा सेंटिमीटरपर्यंत. शंभर मिलिमीटरचे एकशे दोन. त्यानं पेन्सिल घेतली आणि ड्रॉइंगच्या कडेला भराभर मांडलं. पन्नासचे एक्कावन्न. चाळीसचे चाळीस पूर्णांक आठ. साठची उंची, एकसष्ट पूर्णांक दोन. शंभराला दोन, शंभराला दोन, शंभराला दोन! डब्यात चूक नव्हतीच. पाच आठवड्यांत, शे-दीडशे मापांत, एका केसाची चूक नव्हती. पट्टी श्रिंकेजची होती आणि त्याचा हात देवासारखा बरोबर चालला होता. डबा फक्त थंड व्हायचा राहिला होता! त्याला हसू फुटलं. एकटाच बसून तो खदाखदा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लाकूड काय आकसतंय, लेका! भोकांना पितळेच्या पातळ चकत्या घातल्या की चाकं बसतील, आणि डबा जरा मोठा आहे हे धवलला सांगून टाकू, तो दिलदार माणूस आहे, ऐकून खूशच होईल. केरबा असता तर टपली मारली असती. बरी मारली असती.

हसणं ओसरलं आणि मग तो प्रश्न आला. दाराशी कधीचा येऊन उभा असावा आणि कुणाचं लक्ष नसावं, तसा आला. माळ्यावरच्या ट्रंकेतली पट्टी टेबलावर आली कशी?

खंडेनवमी, त्यानं स्वतःलाच घाईनं सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं निघतात. शालूबाई ती चिंचेनं घासते, पुसते, पाटावर मांडते, हळदकुंकू लावते. दादाचीही हत्यारं मांडू या म्हणून तिनं ट्रंक उघडली असणार. पूजा उतरताना दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली. दुसरं काय? त्यानं पट्टी खिडकीशी नेली. रेघांच्या खाचेत खरंच कुंकू होतं, वाळून काळपट झालेलं. पण ते यंदाचं की केरबाच्या हयातीतलं? कुंकवाचं वय कसं ओळखायचं? आणि समजा शालूबाईनं ठेवली. तरी हाताला कळायला नको होतं? जी पट्टी आपण एकेक बोट सोडवून काढून घेतली, जिची झिजलेली कड लहानपणापासून माहीत, ती पाच आठवडे रोज हातात घेतली आणि हाताला परकी वाटली नाही? का हाताला सगळं माहीत होतं आणि आपल्यालाच नव्हतं? माल धक्क्यावरचा तो डबा, केरबानं मोजलेला तो दरवाजा, त्याच डब्याचं काम म्हणून त्याच पट्टीनं करावं, असं आपल्याला वाटलं असेल का कधी? आपण स्टूल घेऊन चढलो असू का? त्यानं खूप आठवून बघितलं. दिवाळीच्या फराळानंतर पहिली फळी कापल्याचं स्वच्छ आठवत होतं. त्याच्या आधी काहीच नव्हतं, रूळ संपल्यावर पुढं नुसतं गवत असतं तसं.

स्टूल त्यानं आता घेतलं. चढला, ट्रंक उघडली. मलमलीचं फडकं जागच्या जागी होतं, नीट गुंडाळलेलं, वर रबरबँड. सोडलं तर आत त्याची स्वतःची साधी पट्टी होती, नवी, चकचकीत. हे काही पूजेच्या गडबडीत झालेलं नव्हतं. कुणीतरी एक काढून तिच्या जागी दुसरी जपून ठेवली होती.

तो स्वयंपाकघरात गेला. शालूबाई जमिनीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर ताट, बाजूला टरफलांचा ढीग. विचारू नये, असं त्याला एकदा वाटलं. न विचारता राहिलं तर निम्मी आशा तरी शाबूत राहते. पण तो विचारायचा थांबला नाही.

"अगं, ही दादाची पट्टी. ट्रंकेतली. खंडेनवमीला तू काढलीतीस न्हवं?"

शालूबाईनं मान वर केली. आधी तिनं पट्टीकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. शेंग तिच्या बोटांत अर्धी उघडलेली तशीच राहिली. काही नव्हतं तिच्या चेहऱ्यावर, फक्त उत्तराला लागायला हवा त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला, शंभराला दोन म्हणा फार तर.

"मीच काढली आसंल की," ती म्हणाली, आणि नजर शेंगेकडं वळवली. "मलाच आठवंना झालंय."

 बाहेर उद्यमनगरात कुठंतरी लेथ चालू होतं, त्याचा एकसुरी आवाज येत होता. ते वाक्य बाळासोचंच होतं. शब्दासाठी शब्द त्याचंच, त्यानंच या स्वयंपाकघरात बसून तिला ऐकवलेलं. त्याला ओरडावंसं वाटलं, खरं सांग, मी चढलो होतो का स्टुलावर, तुझ्यासमोर चढलो का, काय बोललो तेव्हा? पण तिच्या मानेची शीर ताठ झाली होती आणि ती शेंगा नको इतक्या भराभर सोलत होती. ती घाबरली होती. किती दिवसांपासून घाबरलेली असेल, देव जाणे. तिला वाईट वाटू नये एवढंच मग त्याला वाटलं.

"आसंल," तो म्हणाला.

तोंडातून शब्द गेला आणि तो भिंतीला टेकला. केरबाला कळत होतं. दर वेळी कळत होतं. चहा पिऊन येऊन टेबलाकडं बघायचा तेव्हा, भुवया जवळ यायच्या तेव्हा, जरा वेळ आपल्याकडं बघत राहायचा तेव्हा, त्याला सगळं कळत होतं, आणि धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून तो आसंल म्हणायचा. दोन वर्षं म्हणाला.

"बसा की, हुभं का ऱ्हायलासा?" शालूबाई उठून जवळ आली होती. तिचा हात ओला होता, पावट्याच्या वासाचा. आवाज तिनं फार मऊ केला होता, लहान पोराशी करतात तसा. "धवल यायचा हाय पाचला. द्या ती पट्टी हिकडं. मी ठेवते जागच्या जागी."

द्यायला हवी होती. त्यात काय होतं न देण्यासारखं? त्यानं द्यायचं ठरवलंही. पण बोटं ऐकेनात. ती पट्टीभोवती आवळत गेली, धार तळव्यात रुतली. शालूबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि मग हळूच, अंगठ्यापासून, एकेक बोट सोडवायला सुरुवात केली.